बंगळूरची रात्र

मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ निद्रेत घालवितो. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत या तृतीयांशाला एक ओळही मिळत नाही. राजा जागेपणी काय करीत होता हे बखरकार लिहितो. त्याचे नगर केव्हा निजत होते आणि किती स्वस्थ निजत होते, याची नोंद ठेवण्याचे त्याला सुचत नाही. तरीही निद्रेला इतिहास आहे. तो एखाद्या शहराच्या आधाराने पाहावयाचा झाल्यास बंगळूर हे त्यासाठी फार सोयीचे शहर आहे. ज्या शहराने विजेच्या बळावर रात्रीला मागे सारले, त्याच शहरात पुढे झोपेचे शास्त्रही वाढले.

केंपेगौडाने १५३७ मध्ये हे शहर वसविले. १६३८ मध्ये ते विजापूरकरांकडे आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. त्या काळी तेलाच्या दिव्यांवर रात्र फार लांबविता येत नसे. सूर्य मावळला की बाजार मिटत आणि कोंबडा आरवला की माणसे उठत. निद्रेविषयी त्या काळच्या समाजापुढे दोन दृष्टी होत्या. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले. म्हणजे अन्नाच्या पंक्तीला झोपेचे पान मांडले. इकडे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निजलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा विनोदाने रंगविल्या. पुढे मात्र आपल्या घरांतून चरकाचा उपस्तंभ विसरला गेला आणि झोपाळू म्हणजे आळशी, एवढाच धडा उरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी रात्रीचे स्वरूपच पालटले. कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर उभारलेले वीजकेंद्र १९०२ मध्ये सुरू झाले आणि तेथील वीज सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे धावू लागली. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पथदीपांसाठी वीज वापरणाऱ्या भारतातील पहिल्या शहरांत बंगळूरची गणना होते. अंधाराचे भय गेले, रात्री वाट सुरक्षित झाली, विद्यार्थ्याला अभ्यासाला दिवा मिळाला. हा लाभ लहान नव्हता.

परंतु त्याच दिव्याने काय हिरावून नेले, हे पाहण्यासाठी मुंबईकडे वळले पाहिजे. तेथील कापड गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे लांबला. जोवर उजेडासाठी सूर्यावर अवलंबून राहावे लागे, तोवर संध्याकाळ ही मजुराची आपोआप सुटका होती. आता ती सुटका कायद्याकडे मागावी लागली. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. पुढे पाळ्या आल्या, आणि गिरणगावच्या खोल्यांत एक कामगार उठून भोंग्यामागे निघाला की दुसरा त्याच जागेवर अंग टाकू लागला. झोपेलाही पाळी लागली.

बंगळूरनेही लवकरच घड्याळाची शिस्त अंगीकारली. विमाने, दूरध्वनी आणि यंत्रे बनविणारे मोठे सार्वजनिक कारखाने तेथे उभे राहिले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानी सहकार्याने मनगटी घड्याळे तयार करण्यास आरंभ केला. देशातील असंख्य मनगटांवर वेळ बांधली ती या शहराने. पुढे १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे कार्यालय थाटले. कॅलिफोर्निया आणि भारत यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर असते. हे अंतर उद्योगाला वरदान ठरले. कारण तिकडे रात्र असताना इकडे काम चालू राही. परंतु जेथे तिकडच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावयाचे असे, तेथे हे अंतर कोणाला तरी आपल्या झोपेने भरून काढावे लागले. गिरणीतील रात्रपाळी वातानुकूलित दालनात आली, एवढाच फरक.

याच काळात निद्रेकडे पाहण्याची शास्त्राची दृष्टी बदलत होती. झोप म्हणजे केवळ मेंदूचा विसावा, हा समज १९५३ मध्ये ढासळला. शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले की, झोपेच्या काही टप्प्यांत मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि मेंदू जवळजवळ जागेपणासारखाच कार्यरत असतो. सुमारे दीड तासाचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रीत होतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक असते आणि उत्तररात्री स्वप्नांची. स्मरणशक्तीची घडी बसविणे आणि शरीराची डागडुजी करणे ही कामे या वेळी चालतात. म्हणून अर्धी रात्र कापली म्हणजे केवळ तास कमी होत नाहीत. एखादे कामच अपुरे राहते.

१९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तेथील मनोरुग्णालयाशी एकरूप होऊन ती निम्हान्स या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील संशोधकांनी निजलेल्या माणसांच्या मेंदूचे विद्युतलेख घेतले. वय वाढते तशी गाढ झोप घटते, हा सामान्य नियम. पण विपश्यनेचा दीर्घ अभ्यास असलेल्यांत ती पुष्कळशी टिकून राहिल्याचे २००६ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत आढळते. याच शहरातील जवाहरलाल नेहरू केंद्रात एम. के. चंद्रशेखरन यांनी आपल्या उत्तरायुष्यात कालजीवशास्त्राचे कार्य केले. त्यापूर्वी मदुराईला त्यांनी वटवाघळांच्या आणि काळाची कोणतीही खूण न पोहोचणाऱ्या खोलीत राहणाऱ्या माणसांच्या अंतर्गत घड्याळाचा शोध घेतला होता. हे घड्याळ पाळीच्या तक्त्याप्रमाणे फिरत नाही. ते उजेड पाहून चालते. दिवसा झोपून रात्रीची भरपाई करणाऱ्याची झोप तुटक का होते, याचे उत्तर येथे आहे. शरीराची लय बिघडविणारी रात्रपाळी माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला.

कायद्यानेही हळूहळू निद्रेची दखल घेतली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्र म्हणून निश्चित केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या रामलीला मैदानावरील प्रकरणात, मध्यरात्री निजलेल्या जमावावर झालेल्या पोलीस कारवाईचा विचार करताना, निर्वेध झोप हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. चरकाने ज्याला शरीराचा उपस्तंभ म्हटले, त्याला राज्यघटनेचाही आधार मिळाला.

अर्थात रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा सिग्नल सांभाळणारा, वीजकेंद्रातील अभियंता यांना रात्री जागावेच लागणार. त्यांच्या जागरणावरच इतरांची झोप उभी आहे. म्हणून दिवे मालवून मागे जाणे हा उपाय नव्हे. पाळ्या वारंवार न बदलणे, दोन पाळ्यांत पुरेसे अंतर ठेवणे, दिवसा निजणाऱ्याच्या घरी काळोख आणि शांतता राखणे, एवढे मात्र समाजाला करता येते. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. ती त्याने आळसाने मागितलेली सवलत नव्हे. १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यावर दिवा लागला, तेव्हा माणसाने उजेड कमावला. तो केव्हा विझवावा, याचा निर्णय त्याच्या हाती ठेवणे हे काम अजून शिल्लक आहे.