पाचाडची विहीर आणि बनगावची पिंपे

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला राजमाता जिजाऊंचा वाडा आहे. गडावरची गार हवा मानवेना म्हणून महाराजांनी तो बांधून दिला, असे परंपरा सांगते. राज्याभिषेकानंतर अवघ्या 11 दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, राजमातांनी पाचाडलाच देह ठेवला. वाड्याच्या अवशेषांत एका विहिरीच्या काठावर पाठ टेकायला दगडी तक्क्या आहे. ती तक्क्याची विहीर.

वर गडावर गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त. गडाचे बळ तटाइतकेच पाण्यात असते, हे आपण सारे जाणतो. परंतु प्यालेले पाणी शरीरात मुरते कसे, आणि कधी मुरत का नाही, हे कोडे सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. आजचा धागा त्या कोड्याचा.

एकोणिसाव्या शतकात पटकीने वाऱ्या, जत्रा आणि लष्करी तळ वारंवार उद्ध्वस्त केले. रोगी तासातासाला सुकत जाई. डोळे खोल, त्वचा सुरकुतलेली, नाडी हरवलेली. पाणी पाजावे तर तेही वाहून जाई. 1831-32 मध्ये ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून दाखवले की त्यातून पाणी आणि क्षार निघून गेले आहेत. (हाच गृहस्थ पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणले!) 1832 मध्येच स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटाने मिठाचे पाणी थेट शिरेत सोडले. काही रोगी मरणाच्या दारातून परतले. तरीही ही वाट पुढे दशकानुदशके ओसाड राहिली.

खरी किल्ली आतड्यात होती. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून एकमेकांचा हात धरूनच आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते, ही यंत्रणा 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी त्याआधीच, 1953 मध्ये, सौम्य पटकीच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग आले 1971. बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांचे लोंढे बंगालच्या सीमेवरील बनगावला थडकले आणि छावण्यांत पटकी पसरली. इस्पितळातील खाटा केव्हाच भरल्या. रोगी जमिनीवर पडलेले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक जुगारच खेळला. कलकत्त्यात साधे मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले. लिटरला ग्लुकोज 22 ग्रॅम, मीठ 3.5, सोडा 2.5. छावणीत ते पिंपांत कालवले आणि पाजायचे काम सोपवले रोग्यांच्या आप्तांवर. आई लेकराला पाजू लागली, भाऊ भावाला. जिथे शंभरांत तीसपर्यंत माणसे दगावत होती, तिथे त्यांच्या देखरेखीखालील मृत्यू 3.6 टक्क्यांवर आले. सुईशिवाय! महालनबीसांना पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये, मरणोत्तर.

आपल्या कोकणातील आजारी माणसाची मीठ घातलेली पेज आठवा. भाताच्या पिठूळ अंशापासून पोटात ग्लुकोजच बनते. आजीला सोडियम ठाऊक नव्हते, पण तिचा हात चुकलेला नव्हता.

बनगावच्या त्या पिशवीची वंशज म्हणजे औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रानुसार लिटरमागे ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. पुडीवर हे आकडे वाचा, नाहीतर औषधविक्रेत्याला विचारा. कारण ‘ओआरएस’ नाव मिरवणारी साखरेची सरबतेही बाजारात खपत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरण्यास मनाई केली. माझ्या मते ती फार आधी व्हायला हवी होती. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यातच घाला. कमी पाण्यात कालवलेले द्रावण तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते. 24 तासांनी उरलेले ओतून द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

हे सारे रायगडाच्या निमित्ताने सांगतो आहे, कारण 6 जूनला गड माणसांनी फुलतो आणि कोकणातील त्या दिवसांची दमट उष्णता अंग निथळवते. याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या भर उन्हातील सोहळ्यात, 16 एप्रिल 2023 रोजी उष्माघाताने बळी गेले. तोंडाला कोरड, गडद पिवळी आणि थोडी लघवी, उभे राहताच घेरी, पायात गोळे : इतके दिसले की चढण थांबवा, सावली गाठा आणि ओआरएस घोट घोट प्या. सोबती असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भाजू लागले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र पुडी विसरा. तो उष्माघात असू शकतो. त्याला काहीही पाजू नका. अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. पाचाडहून महाड सुमारे 25 किलोमीटर दूर आहे, तेव्हा पुड्या महाडलाच घेऊन ठेवा.