साक्खरी ते सॅकरिन

धाराशिव जिल्ह्यात ढोकीला तेरणा सहकारी साखर कारखाना आहे आणि जवळच तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषकाने ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं पुस्तक लिहिलं. त्यात तेर ‘तगर’ या नावाने भेटतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं नगर. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई.

त्याच पुस्तकात भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणाऱ्या मालाची यादी आहे. धान्य, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि ‘साक्खरी’ नावाचा, बोरूसारख्या काडीतून निघणारा मध. ग्रीकांच्या मुलखात ऊस होत नव्हता, म्हणून त्यांनी त्याला मध म्हटलं. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की हा पदार्थ मिठासारखा दाताखाली फुटतो आणि पाण्यात विरघळवून घेतल्यास पोटाला मानवतो.

या ग्रीक शब्दाचा वंश लॅटिनमार्गे विज्ञानाच्या इंग्रजीत वाढला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये उसाला ‘सॅकरम ऑफिसिनारम’ हे नाव दिलं. मळी आंबवणारं यीस्ट ‘सॅकरोमायसिस’ झालं. १८७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फालबर्गला डांबरापासून काढलेल्या रसायनांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ सापडला. त्यात साखरेचा कणही नसूनही तो ‘सॅकरिन’ ठरला. ‘शुगर’ मात्र दुसऱ्या वाटेने गेला: फारसी शकर, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो, मग फ्रेंच आणि इंग्रजी.

दोन्ही वाटा इथूनच निघतात. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. दाणेदार गोडाला तेच नाव मिळालं. पालीत त्याचं ‘सक्खरा’ झालं. ग्रीक रूपात ‘शर्करा’तला मधला रकार नाही, दुहेरी ‘क्ख’ आहे. म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांनी हा शब्द पंडितांच्या संस्कृतातून घेतला नाही, तर बाजारात चालणाऱ्या प्राकृत बोलीतून उचलला. आपली ‘साखर’ही प्राकृतातूनच आली, म्हणून साखर आणि सॅकरिन या सख्ख्या चुलत बहिणी.

पुष्कळ इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगताना आपण ‘मूळ ग्रीक’ म्हणून थांबतो. या शब्दाच्या बाबतीत तिथे थांबणं म्हणजे बोलीभाषेत सौदे करणाऱ्या इथल्या माणसांचं श्रेय पुसणं. ढोकी-तेरच्या शाळांत तरी ही कुळी शेवटपर्यंत सांगितली गेली पाहिजे.