मार्गारेट वेड आणि विलंबित सन्मान

आमच्या गुणगौरव समारंभात मुलींस पारितोषिके मिळतात ती बहुधा परीक्षांतील यशाबद्दल. क्रीडांगणावरील कर्तृत्वाची दखल क्वचितच घेतली जाते. म्हणून अमेरिकेतील मार्गारेट वेड यांचा वृत्तान्त ज्ञातिभगिनींपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

बास्केटबॉल १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जन्मास आला. पुढील वर्षीच सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ महाविद्यालयातील मुलींस शिकविला. तथापि हा खेळ स्त्रीप्रकृतीस झेपणारा नव्हे, हा ग्रह दीर्घकाळ टिकला. मिसिसिपीतील ज्या महाविद्यालयात वेड खेळत असत, तेथे तर अतिश्रमाचा म्हणून तो बंदच करण्यात आला. मुलींनी रडत रडत आपले गणवेश जाळले! पुढे वेड यांनी शाळेतील मुलींचे संघ अनेक वर्षे घडविले. सुमारे ४० वर्षांनी, १९७३ साली, त्याच संस्थेने (आताचे डेल्टा स्टेट विद्यापीठ) संघ पुन्हा उभारण्यास त्यांनाच पाचारण केले. साठी गाठलेल्या या बाईंच्या संघाने १९७५, १९७६ व १९७७ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकाविली. त्यांच्याच शिष्या ल्युसिया हॅरिस. ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल प्रथम खेळले गेले ते १९७६ साली माँट्रियल येथे, आणि त्यातील पहिली बास्केट हॅरिस यांची.

स्प्रिंगफील्डच्या कीर्तिमंदिरात मानकऱ्यांची निवड १९५९ पासून होत होती. स्त्रियांस प्रवेश मिळाला १९८५ साली. वेड तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या, तर बेरेन्सन १९५४ सालीच निवर्तल्या होत्या. नॉक्सव्हिल येथे स्त्रियांचे स्वतंत्र कीर्तिमंदिर १९९९ साली उघडले. पहिल्याच मानकऱ्यांत या तिघींची नावे होती. हयात होत्या केवळ हॅरिस.