उशिरा येणारा पिवळा रंग

पावसाळ्यात गोदावरी गढूळ झाली की नाशिकच्या घराघरांत एक तक्रार ऐकू येते: ‘नळाला औषधाचा वास येतोय.’ औषध म्हणजे क्लोरीन. पण नाकाला झोंबणारा तो वास पुष्कळदा एकट्या क्लोरीनचा नसतो, त्याच्या भावकीतल्या क्लोरामाइनचा असतो. पाण्यात क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतं. मग तो अमोनिया कुणी मुद्दाम घातलेला असो, की गटारातून झिरपलेला.

पाण्यात औषध टाकायची आपली सवय क्लोरीनच्या आधीची. 1890 च्या दशकात आग्र्याला असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला आणि विहिरींचं पाणी गुलाबी होऊ लागलं. त्याच दशकात, 1897 मध्ये, इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली तेव्हा नळयोजनेत ब्लिचिंग पावडरचं द्रावण सोडण्यात आलं. ही पावडर मुळात कापड गिरण्यांची. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. उष्ण हवेत ती लवकर निकामी होते, म्हणून कळीचा चुना मिसळून ती टिकाऊ केली. ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यात असते ती टीसीएल पावडर हीच. विहिरीसाठी दुहेरी मडक्याची पद्धत नागपूरच्या संस्थेने बसवली, जिला आज आपण नीरी म्हणतो: एकात एक अशी दोन भोकाची मडकी, आतल्यात पावडर आणि जाड वाळू, आणि सगळं दोरीने पाण्यात सोडलेलं. औषध थोडं थोडं पाझरत राहतं. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी युक्ती क्वचितच सापडते.

क्लोरामाइन पाणीपुरवठ्यात आलं ते टंचाईतून. पहिल्या महायुद्धात ब्लिचिंग पावडर महागली. कॅनडातल्या ओटावा शहराचं पाणी सांभाळणाऱ्या जोसेफ रेस यांनी तिच्यात अमोनिया मिसळून पाहिला आणि 1917 मध्ये शहराचं पाणी त्या रीतीने शुद्ध होऊ लागलं. क्लोरामाइन जंतू मारायला क्लोरीनपेक्षा पुष्कळ मंद, पण टिकाऊ. लांबलचक जलवाहिनीच्या टोकापर्यंत ते शिल्लक राहतं. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश आणि क्लोरीन मिळून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. क्लोरामाइनमुळे ती कमी होतात, म्हणून अमेरिकेतली कित्येक शहरं त्याकडे वळली. आपल्याकडच्या नगरपालिकांची रीत मात्र निव्वळ क्लोरीनची राहिली.

म्हणूनच आपल्याला ओटी टेस्ट नीट वाचता यायला हवी. आरोग्यसेवक गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो, आणि पाणी पिवळं झालं की वहीत नोंद करतो. पण तो पिवळा रंग कधी आला, हे फार महत्त्वाचं आहे. लगेच, दहा सेकंदांच्या आत आला तर मोकळा क्लोरीन आहे. पाणी आधी जवळजवळ बिनरंगीच राहिलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पिवळं पडलं, तर क्लोरीन अमोनियाशी बांधला गेला आहे. ज्या गावात अमोनिया कुणी घालत नाही, तिथे हा उशिराचा पिवळा रंग सांगतो की अमोनिया वाटेत कुठून तरी आला. तो गटारातून आलेला असण्याचा संशय आधी घ्यावा. नुसतं ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहून वही मिटणं मला गैर वाटतं.

पिण्याच्या दृष्टीने क्लोरामाइनची धास्ती बाळगायचं कारण नाही. आपल्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, त्याची मर्यादा लिटरला 4 मिलिग्रॅम आहे. मोकळा क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असावा, असंही तेच मानक सांगतं. स्वयंपाक, आंघोळ, बाळाचं दूध, कशालाच अडचण नाही. अपवाद दोन. माशांच्या टाकीत हे पाणी थेट ओतू नये, क्लोरामाइन कल्ल्यांतून सरळ रक्तात जातं. क्लोरीन उघड्या बादलीत रात्रभरात बराचसा उडून जातो, क्लोरामाइन उडत नाही. त्यासाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाकावा लागतो. दुसरा अपवाद डायलिसिसचा. तिथे एका वेळेला शंभराहून अधिक लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतं. क्लोरामाइन त्यातून आत गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ते पाणी आधी कार्बनच्या गाळणीतून काढावंच लागतं.

आणि घरच्या नळाला एकाएकी वास चढला, पाणी गढूळ आलं, तर वासावर औषध शोधत बसू नये. पाण्याचा नमुना तपासणीला द्यावा, जलवाहिनी कुठे गटाराजवळून जाते का ते पालिकेला बघायला लावावं, आणि निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्यावं. उकळल्याने क्लोरामाइन लवकर जात नाही, जंतू मात्र मरतात.