यष्टीमागून दिसलेला खेळ : चंद्रकांत पंडित आणि विदर्भाचा रणजी करंडक

१ जानेवारी २०१८. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून पराभूत केले आणि रणजी करंडक प्रथमच नागपूरच्या वाटेला लागला. १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा संघ या स्पर्धेत उतरला होता. म्हणजे प्रतीक्षा साठ वर्षांची, आणि त्यातली कित्येक वर्षे खालच्या गटात काढलेली.

मैदानाचे नाव ध्यानात ठेवावे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले, पण त्यांचे नाव जोडले गेले ते इंदूरच्या होळकरांशी. त्यांच्या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरने खेळाडू द्यावा आणि करंडक दुसऱ्याच्या दिवाणखान्यात सजावा, हे तेव्हापासूनचे.

या विजयामागे उभा असलेला मनुष्य मात्र मुंबईचा होता. चंद्रकांत पंडित, जन्म १९६१, रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. १९८६ साली लीड्स येथे कसोटी पदार्पण. त्याच वर्षी मद्रासला बरोबरीत सुटलेल्या प्रसिद्ध कसोटीतही ते खेळले. १९८७ च्या विश्वचषकात, वानखेडेवरील उपांत्य सामन्यात आजारी वेंगसरकरांच्या जागी त्यांना संधी मिळाली. परंतु यष्टिरक्षक म्हणून किरण मोरे समोर असल्याने कारकीर्द पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांवरच थांबली.

यष्टिरक्षक हा मैदानावरचा एकमेव खेळाडू, ज्याला गोलंदाजाची मनगटे, फलंदाजाचे पाय आणि क्षेत्ररक्षणातील भगदाडे एकाच वेळी समोर दिसतात. पंडितांच्या प्रशिक्षणाचे मूळ तिथेच असावे, असे मला वाटते.

त्या आधी एक जखम आहे. उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात, बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, ते कर्णधार होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक मध्य प्रदेशाचाच. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव १५० धावांत कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. मुंबईला जिंकवणे हे फार मोठे नवल नव्हे, असे म्हणणारे तेव्हाही होतेच. त्यांना उत्तर मिळाले ते २०१७ साली पंडित विदर्भाकडे आल्यावर.

त्यांची शिस्त कडक, मुंबईच्या भाषेत ‘खडूस’. पण सगळे श्रेय त्यांच्याच पदरात टाकणे अन्यायाचे होईल. विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमीवर अनेक वर्षे मेहनत घेतली होती. कर्णधार फैज फजल मुरलेला होता. मुंबईहून आलेला वसीम जाफर आधारस्तंभ होता. आणि रजनीश गुरबाणी होता, स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला वेगवान गोलंदाज. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. शेवटच्या सकाळी त्यांना ८७ धावा लागत होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. गुरबाणीने ते तिन्ही टिपले. विदर्भ पाच धावांनी विजयी! अंतिम सामन्यात त्याने त्रिफळा उडवतच हॅटट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ती दुसरीच. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला १ आणि ० धावांवर परत पाठवले. पहिला करंडक हा योगायोग होता, ही कुजबुज तिथेच संपली.

त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे परतले. इतिहासाच्या वाचकांसाठी एक आडवाट : १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, तेव्हा हे एका जुन्या घराच्या दोन वाटण्यांमधले येणे-जाणे. २६ जून २०२२ रोजी, तेवीस वर्षांनी, त्याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. समोरच्या तंबूत प्रशिक्षक अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. पंडितांना अश्रू आवरले नाहीत. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तो सहावा रणजी करंडक.

२०२४ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक असताना कोलकाता नाईट रायडर्सने आयपीएल जिंकले. त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून १३३ धावा करणारा नागपूरचा तरुण अक्षय वाडकर हाही यष्टिरक्षकच. मार्च २०२५ मध्ये जामठ्यावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक उचलला, तेव्हा कर्णधार तोच होता.