काठी

2014 सालातला एक सोमवार. तुम्ही नायजरच्या अगादेझ शहरात उभे आहात. मागे मशिदीचा 27 मीटर उंच मातीचा मिनार, पुढे टोयोटाची पिकअप. गाम्बियातलं घर सोडून महिना झालाय. एव्हाना तुम्ही लिबियात पोचला असाल, असं आईला वाटतंय.

पाण्याच्या कॅनवर तुमचं नाव लिहिलंय आणि भोवती गोणपाट शिवलंय. ते ओलं केलं की पाणी गार राहतं, आपल्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं. असे कितीतरी कॅन गाडीच्या कडांना लटकलेत. पिशवीत गारी आहे. साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाची ही भाजलेली भरड. साखर-पाण्यात भिजवली की झालं जेवण.

सामानाच्या ढिगावर पंचवीस-तीस माणसं. तुम्ही कडेला, पाय बाहेर लोंबतायत. सामानात एक काठी खोचलेली आहे, ती दोन्ही मांड्यांत घट्ट धरायची. गाडी उसळली की तीच तुम्हाला आवरते. डुलकी लागून खाली पडलात, तर ड्रायव्हर थांबेलच असं नाही. म्हणून शेजारचा सारखा कोपरानं ढोसतो. त्याची भाषा तुम्हाला येत नाही, पण कोपराचं म्हणणं कळतं.

लष्कराच्या ताफ्यामागोमाग गाड्या तेनेरे वाळवंटाच्या वाळूत शिरतात. दुपारी डोळे उघडवत नाहीत, रात्री हुडहुडी भरते. जाडजूड जाकीट का घ्यायला लावलं, ते आता कळतं. चौकी आली की उतरा, पैसे काढा. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशांत ये-जा करायची तुम्हाला मुभा आहे, तरीही काढा. याचा मला फार राग येतो.

त्याहून राग येतो तो पुढच्या वर्षाचा. 26 मे 2015 रोजी नायजर स्थलांतरितांच्या या वाहतुकीला गुन्हा ठरवणारा कायदा करेल. 2016 मध्ये धरपकड सुरू होईल, गाड्या जप्त होतील. माणसं निघतच राहतील; ड्रायव्हर मात्र चौक्या टाळायला आडवाटेला लागतील आणि विहिरी मागे राहतील. तिथे गाडी बंद पडली, तर मागून दुसरी यायची नाही. कायदा रद्द व्हायला 2023 उजाडेल.

तुमची गाडी अजून विहिरीच्या वाटेवर आहे. वाटेवरच्या दिर्कू गावाच्या अलीकडे ती थांबते. दोरीची बादली वर येते, पाणी गढूळ. तुम्ही कॅन भरता, गोणपाट भिजवता. शेजारच्याची बोटं काठी धरून धरून वळत नाहीत, त्याचाही कॅन भरून देता. हॉर्न वाजतो. काठी मांड्यांत घेऊन तुम्ही पुन्हा बसता.