अंगठ्याची साक्ष

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेली दिघी १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानाच्या अंमलाखाली होती. आणि मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत राबणाऱ्या पुत्रांच्या कमाईवर ज्यांचा चरितार्थ चाले, अशी वृद्धांची घरे या साऱ्या किनाऱ्यावर होती. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली; पुढे तिची रक्कम देताना निरक्षर आईबापांच्या रक्षणार्थ एक दस्तूर पाळला जाई: घेणाऱ्याचा अंगठा साक्षीदारासमक्ष उमटावा आणि साक्षीदाराने त्याखाली सही करावी. सरकारी रिवाजांची स्तुती करण्याचा प्रसंग विरळाच. परंतु पैशाच्या व्यवहारात तिसऱ्या माणसाची हजेरी अनिवार्य करणारा हा रिवाज निःसंशय शहाणपणाचा होता.

आज दूरध्वनीवरून पोलीस अथवा बँकेचा अंमलदार म्हणून बोलणारा भामटा प्रथम हीच साक्ष नाहीशी करतो: ‘घरात कोणास सांगू नका’ असे बजावून वृद्धास तासन्‌तास एकाकी ठेवतो. तो जिला ‘डिजिटल अटक’ म्हणतो, तशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तेव्हा ज्येष्ठांनी असा दूरध्वनी तत्काळ बंद करून शेजाऱ्यास हाक मारावी, आणि पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.